‘संपर्क आहे’ म्हणजे काय? : मोबाइल अ‍ॅपमधील नेटवर्क-बदलाच्या जाणिवेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मोबाइलच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या उभ्या रेषा आणि पंख्यासारखे वाय-फायचे चिन्ह आता सर्वांच्या परिचयाचे आहे. रेषा पूर्ण असल्या म्हणजे संपर्क आहे आणि त्या नाहीशा झाल्या म्हणजे संपर्क तुटला, असे सामान्य वापरकर्ता गृहीत धरतो. प्रत्यक्षात रेषा पूर्ण असताना बँकेचा व्यवहार अडकतो, आणि रेषा क्षीण असतानाही एखादा निरोप बिनबोभाट पोहोचतो. हा अनुभव सार्वत्रिक आहे. पण त्यामागील प्रश्न केवळ तांत्रिक दोषाचा नाही. आपला दुसऱ्याशी संपर्क आहे की नाही हे एखाद्या यंत्राला मुळात कळते तरी कसे, आणि त्या कळण्यावर कितपत विसंबावे, हा तो प्रश्न आहे.

मोबाइल अ‍ॅप लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न सोडवावा लागतो. नेटवर्क गेले, परत आले, वाय-फायवरून मोबाइल डेटावर बदलले, की अ‍ॅपला ते समजावे आणि त्यानुसार त्याने वागावे, अशी अपेक्षा असते. संगणकशास्त्राच्या पुस्तकांत हा विषय बहुधा काही ओळींच्या कृतीपुरता येतो. त्याचा इतिहास मात्र तारायंत्राच्या काळापर्यंत मागे जातो, आणि तो पाहिल्याखेरीज आजच्या उपायांचे मर्म ध्यानात येत नाही. ‘तार शाबूत आहे का?’ या प्रश्नापासून ‘निरोप पोचला का?’ या प्रश्नापर्यंत झालेला हा प्रवास प्रस्तुत लेखात कालानुक्रमे मांडला आहे. या प्रवासात अनिश्चिततेचा भार कोणावर पडत गेला, याचाही विचार केला आहे.

तारायंत्राचा काळ : अखंड प्रवाहाची किंमत

दूरसंपर्काच्या पहिल्या पर्वातच या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली होती. अमेरिकेतील मोर्स पद्धतीच्या तारमार्गांवर बहुधा ‘बंद मंडल’ वापरले जाई. निरोप जात नसतानाही तारेतून विद्युत्प्रवाह सतत वाहत असे आणि तो तोडून-जोडून संदेश पाठविला जाई. या रचनेत तार कोठेही तुटली तर मार्गावरील सर्व ठाण्यांना ते तत्काळ कळे. युरोपात प्रचलित असलेल्या ‘खुल्या मंडला’त प्रवाह केवळ संदेश पाठविताना सोडला जाई. त्यामुळे विद्युत्घटांची बचत होई. पण शांत असलेली तार शाबूत आहे की तुटलेली, हे संदेश पाठवून पाहिल्याखेरीज समजत नसे.

या दोन पद्धतींतील निवड म्हणजे आजच्या प्रश्नाचे मूळ रूप होय. संपर्काची सतत खात्री हवी असेल तर सतत ऊर्जा खर्च करावी लागते, आणि ऊर्जा वाचवायची असेल तर काही काळ अज्ञानात राहावे लागते. मोबाइलच्या बॅटरीबाबत एकविसाव्या शतकात झालेला वाद याच सूत्राभोवती फिरला.

अटलांटिक महासागराखालील पहिल्या तारेने याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. ५ ऑगस्ट १८५८ रोजी ही तार दोन्ही किनाऱ्यांना जोडली गेली आणि १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स बुकॅनन यांच्याकडे रवाना झाला. पण काही आठवड्यांतच ती निकामी झाली. तार एका क्षणात तुटली नव्हती. संकेत क्षीण होत गेले, अर्थ लागेनासा झाला आणि शेवटी काहीच येईनासे झाले. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये एक विस्तृत संदिग्ध प्रदेश असतो, याचा हा आरंभीचा मोठा धडा होता. पुढे १८६५ व १८६६ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरून तार टाकली जात असताना जहाज आणि किनारा यांच्यामध्ये विद्युत्चाचण्या चालूच ठेवल्या गेल्या. दोष उद्भवताच तो लक्षात यावा, हा त्यामागील हेतू होता.

दूरध्वनीने या परंपरेत डायल टोनची भर घातली. रिसीव्हर उचलताच येणारा तो एकसुरी आवाज ‘एक्स्चेंज जिवंत आहे’ एवढेच सांगे. पलीकडचा मनुष्य घरी आहे की नाही, त्याची तार शाबूत आहे की नाही, याबद्दल तो काहीच सांगू शकत नसे. जवळच्या दुव्याची खात्री आणि दूरच्या टोकाची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व दूरध्वनी वापरणाऱ्याने नकळत आत्मसात केले होते. मोबाइलच्या पडद्यावरील रेषांनी मात्र त्याला त्याचा विसर पाडला.

संगणकजाल : पोच मागण्याची परंपरा

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवरून पहिला संदेश गेला तेव्हाही जोडणीचे भान ठेवण्याची जबाबदारी प्रामुख्याने जालाकडे होती. गंतव्य संगणक बंद असल्यास जालातील यंत्रे पाठविणाऱ्याला ‘गंतव्य मृत’ अशा अर्थाचा निरोप देत. १९७३ पासून झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात आकाराला आलेल्या इथरनेटने ही सोय सोडून दिली. त्यात संदेश तारेवर सोडला जाई. तो कोणी घेतला की नाही, याची पोच जाल देत नसे. रचना साधी व स्वस्त झाली, पण खात्री करून घेण्याचे काम टोकाच्या संगणकांकडे आले.

या बदलाला तात्त्विक अधिष्ठान दिले ते जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी. १९८१ साली प्रथम मांडलेल्या आणि १९८४ साली विस्ताराने प्रसिद्ध केलेल्या ‘टोकापासून टोकापर्यंत’ या युक्तिवादात त्यांनी असे प्रतिपादन केले की, विश्वसनीयतेची अखेरची खात्री केवळ दोन टोकांवरील उपयोजनेच करू शकतात. मधल्या थरांनी कितीही काळजी घेतली तरी ती टोकावरील तपासणीची जागा घेऊ शकत नाही. इंटरनेटची बांधणी मोठ्या प्रमाणावर या विचारावर झाली. आजच्या मोबाइल अ‍ॅपला नेटवर्कची अवस्था स्वतः सांभाळावी लागते, याचे मूळ येथे आहे.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी हे नियमसंच स्वीकारले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी ‘पिंग’ हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीच्या शोधासाठी सोडलेल्या ध्वनिलहरीचा प्रतिध्वनी यावा, तसा दूरच्या संगणकाकडून प्रतिसाद यावा, ही कल्पना त्याच्या नावातच आहे. त्यासाठी लागणारे प्रतिध्वनी-संदेश १९८१ साली जॉन पोस्टेल यांनी नोंदविलेल्या मानकात होतेच. पिंगमुळे ‘तार आहे का?’ याऐवजी ‘उत्तर येते का?’ असे विचारण्याची सवय लागली.

टीसीपीच्या रचनेत मात्र एक गोष्ट जाणीवपूर्वक सोडून दिली होती. दोन संगणकांमध्ये जोडणी स्थापन झाल्यावर दोन्ही बाजू गप्प राहिल्या तर काहीच पाठविले जात नाही. मधली तार तुटली तरी दोघांनाही आपण जोडलेले आहोत असेच वाटत राहते. यावर उपाय म्हणून अधूनमधून ‘जिवंत आहेस का?’ असे विचारणारे संदेश सुचविले गेले. ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ११२२ या दस्तऐवजाने या सोयीला ऐच्छिक स्थान दिले. ती मुळात बंद असावी आणि चालू केल्यास दोन संदेशांमधील स्वयंनिश्चित अंतर किमान दोन तासांचे असावे, असे त्यात ठरविले गेले. त्यामागे तीन कारणे होती. क्षणिक बिघाडात चांगली जोडणीही तोडली जाईल, जालावर अनावश्यक भार पडेल आणि वापरानुसार पैसे मोजणाऱ्याला भुर्दंड बसेल. बंद आणि खुल्या मंडलाचाच हा वाद दीड शतकाने नव्या भाषेत मांडला गेला होता, असे म्हणता येईल.

अनिश्चिततेची सिद्धता

अभियंते उपाय शोधत असताना सिद्धान्तकारांनी प्रश्नाच्या मर्यादाच सिद्ध केल्या. १९७५ साली मांडल्या गेलेल्या आणि पुढे ‘दोन सेनापतींचे कोडे’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रश्नात दोन सेनापती वेगवेगळ्या टेकड्यांवर आहेत आणि त्यांना एकाच वेळी हल्ला करायचा आहे. जासूद मधल्या दरीत पकडला जाऊ शकतो. पहिल्याचा निरोप पोचला तरी त्याची पोच परत आली पाहिजे. ती पोच मिळाली हे दुसऱ्याला कळले पाहिजे. आणि ही साखळी कधीच संपत नाही. बेभरवशाच्या मार्गावरून निरोपांची कितीही देवाणघेवाण केली तरी दोघांनाही पूर्ण खात्री होईल अशी अवस्था येऊ शकत नाही.

१९८५ साली मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटर्सन यांनी याहून सखोल निष्कर्ष सिद्ध केला. संदेशाला किती वेळ लागेल याची मर्यादा नसलेल्या व्यवस्थेत एक जरी घटक बंद पडण्याची शक्यता असेल, तर सर्वांचे एकमत निश्चितपणे घडवून आणणारी ठरावीक कार्यपद्धती असू शकत नाही. या निष्कर्षाच्या गाभ्याशी असलेली अडचण सोपी आहे : उत्तर न देणारा संगणक बंद पडला आहे की केवळ संथ आहे, हे दुरून ओळखता येत नाही. १९९६ साली तुषार चंद्रा आणि सॅम टूएग यांनी यातून व्यवहार्य मार्ग काढला. चूक करू शकणारा, पण कालांतराने आपले मत सुधारणारा ‘अपयश-शोधक’ असला तरी पुष्कळ कामे साधता येतात, असे त्यांनी दाखवून दिले.

या संशोधनाचा मोबाइल अ‍ॅपशी थेट संबंध आहे. अ‍ॅपमधील ‘नेटवर्क नाही’ ही सूचना हा वस्तुस्थितीचा दाखला नसून एक संशय असतो. तो संशय चुकीचा ठरू शकतो, हे गृहीत धरूनच पुढचे वर्तन ठरवावे लागते.

तुटलेपणाचा स्वीकार : कोडा प्रकल्प

सिद्धान्ताचे हे काम चालू असतानाच वेगळ्या दिशेने विचार करणारा एक प्रकल्प कार्नेगी मेलन विद्यापीठात उभा राहिला. १९८७ पासून महादेव सत्यनारायणन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या ‘कोडा’ या फाइल-व्यवस्थेने संपर्क तुटणे ही आपत्ती न मानता एक नित्य अवस्था मानली. जेम्स किस्टलर आणि सत्यनारायणन यांच्या १९९२ सालच्या निबंधात या व्यवस्थेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. संपर्क असताना उपयुक्त फाइलींचा साठा करून ठेवणे, संपर्क तुटल्यावर त्या साठ्यावर काम चालू ठेवणे आणि संपर्क परत येताच झालेले बदल मूळ ठिकाणी विलीन करणे, अशा त्या तीन अवस्था होत.

पावसाळ्यापूर्वी घरात धान्याची बेगमी करून ठेवावी, तशी ही रचना होती. त्यात नेटवर्क-बदलाची जाणीव आवश्यक होती, पण तिचा उपयोग वापरकर्त्याला अडविण्यासाठी नव्हता. एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा तो केवळ इशारा होता. पहिल्या स्मार्टफोनच्या किती तरी आधी सापडलेले हे उत्तर मोबाइल अ‍ॅपच्या आरंभीच्या काळात मात्र फारसे वापरले गेले नाही.

स्मार्टफोनचे पहिले पर्व : विचारून मग पाठविणे

जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडवरील पहिला फोन बाजारात आला. दोन्ही कार्यप्रणालींनी अ‍ॅपला नेटवर्कची स्थिती विचारण्याची सोय दिली. अ‍ॅपलकडे मॅक संगणकांपासून चालत आलेली ‘रीचेबिलिटी’ ही व्यवस्था होती, आणि तिच्या वापराचा कंपनीने दिलेला नमुना असंख्य अ‍ॅपमध्ये जसाच्या तसा उतरविला गेला. अँड्रॉइडमध्ये ‘कनेक्टिव्हिटी मॅनेजर’ हा घटक होता. अ‍ॅप त्याला सद्यःस्थिती विचारू शके. शिवाय नेटवर्क बदलताच कार्यप्रणाली एक जाहीर घोषणा करी आणि ती ऐकण्यासाठी अ‍ॅपला नाव नोंदविता येई.

यातून एक ठरावीक पद्धत रूढ झाली. आधी विचारायचे, होकार आला तर माहिती पाठवायची आणि नकार आला तर ‘इंटरनेट नाही’ असा फलक दाखवायचा. या पद्धतीत दोन त्रुटी होत्या. पहिली काळाची : विचारणे आणि पाठविणे यांच्यामधल्या क्षणात गाडी बोगद्यात शिरू शकते. दुसरी अर्थाची : मिळणारा होकार फोन आणि जवळचा मनोरा, किंवा फोन आणि वाय-फाय यंत्र, एवढ्यापुरताच असे. अ‍ॅपलच्या दस्तऐवजातच स्पष्ट केले होते की, ‘पोचण्याजोगे’ याचा अर्थ संदेश आपल्या उपकरणातून बाहेर पडू शकतो इतकाच आहे. तो पलीकडे मिळेल याची ती हमी नाही. वेबपानांसाठी असलेल्या ‘ऑनलाइन’ या गुणधर्माबाबत एचटीएमएलच्या मानकातही तो मुळातच बेभरवशाचा असल्याचा इशारा आहे. हे इशारे उपलब्ध असूनही डायल टोनला पलीकडच्या माणसाचा आवाज समजण्याची चूक मोठ्या प्रमाणावर झाली.

लॉगिन-पानाचे कोडे आणि इंटरनेटची व्याख्या

सार्वजनिक वाय-फायच्या प्रसाराने ही चूक उघड केली. विमानतळावर किंवा हॉटेलात वाय-फाय जोडले जाते, चिन्ह दिसते, पण नाव, क्रमांक किंवा पैसे दिल्याखेरीज कोणतेही पान उघडत नाही. अ‍ॅपने काहीही मागितले तरी त्याला लॉगिनचे पान मिळते आणि ते पान म्हणजेच आपल्या सर्व्हरचे उत्तर, असा त्याचा गैरसमज होऊ शकतो. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगल यांची रेल्वेस्थानकांवरील मोफत वाय-फाय सेवा मुंबई सेंट्रल येथे प्रथम सुरू झाली, तेव्हा मोबाइल क्रमांक देऊन सांकेतिक आकडा भरण्याची हीच पायरी लक्षावधी प्रवाशांच्या परिचयाची झाली.

यावरचा उपाय पिंगच्या परंपरेतला होता. ठाऊक असलेल्या पत्त्यावर लहानशी मागणी करायची आणि अपेक्षित उत्तर येते का ते पाहायचे. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून एक छोटी मजकूर-फाइल मागविण्याची पद्धत ठेवली. अ‍ॅपलची उपकरणे केवळ ‘सक्सेस’ एवढाच शब्द असलेले पान मागू लागली. अँड्रॉइडने गूगलच्या सर्व्हरकडून ‘२०४’ हा, म्हणजे ‘मजकूर नाही’ या अर्थाचा सांकेतिक प्रतिसाद अपेक्षिला. काहीच न देणारे उत्तर हाच येथे सर्वांत विश्वसनीय पुरावा ठरला, कारण लॉगिनचे पान नेहमी काहीतरी देतेच. २०१५ च्या अँड्रॉइड ६.० मध्ये या तपासणीचा निकाल ‘पडताळलेले’ या स्वतंत्र शिक्क्याच्या रूपाने अ‍ॅपना उपलब्ध झाला. मानके ठरविणाऱ्यांनीही यात लक्ष घातले. एप्रिल २०१२ मध्ये ‘नेटवर्कसाठी ओळख पटविणे आवश्यक’ या अर्थाचा ५११ हा प्रतिसाद-क्रमांक मंजूर झाला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये वाय-फाय यंत्रानेच फोनला लॉगिन-पानाची कल्पना द्यावी, यासाठीची मानके प्रसिद्ध झाली.

या उपायातून एक नवा प्रश्न निर्माण झाला. ‘इंटरनेट आहे’ याचा व्यवहारातील अर्थ ‘विशिष्ट कंपनीचा विशिष्ट सर्व्हर उत्तर देतो’ असा झाला. गूगलच्या सेवा रोखलेल्या चीनमध्ये, त्या सर्व्हरवर विसंबलेल्या फोनवर बाकीचे इंटरनेट चालू असतानाही ‘इंटरनेट नाही’ असे चिन्ह दिसत असे. दुसरीकडे, प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी फोनचा जालावरील पत्ता त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत आपोआप पोहोचतो. जोडणीची साक्ष देणारा साक्षीदार तटस्थ आहे की नाही, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या चर्चेत जितका यावयास हवा तितका आलेला नाही.

ऊर्जेचा हिशेब : अ‍ॅपकडून कार्यप्रणालीकडे

दरम्यान जुना विद्युत्घटांचा प्रश्न परत आला होता. अँड्रॉइडवर नेटवर्क बदलाची घोषणा होताच ती ऐकण्यासाठी नोंदविलेली सर्व अ‍ॅप एकाच वेळी जागी होत. घराबाहेर पडताना वाय-फाय सुटून मोबाइल डेटा सुरू झाला, एवढ्या घटनेने फोनमधील अनेक अ‍ॅप स्मृतीत येऊन आपापली कामे काढत. यात बॅटरी आणि स्मृती दोन्ही खर्च होत. ऑगस्ट २०१६ मधील अँड्रॉइड ७.० पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या आणि बंद असलेल्या अ‍ॅपना केवळ या घोषणेने जागे करणे थांबविण्यात आले.

याची पर्यायी व्यवस्था २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये आधीच आली होती. तेथे अ‍ॅपने केवळ ‘नेटवर्क’ न म्हणता आपल्याला कोणत्या गुणांचे नेटवर्क हवे आहे ते सांगायचे होते : इंटरनेटपर्यंत जाणारे, वापरानुसार आकार न पडणारे, वाय-फायचे किंवा मोबाइलचे. तसे नेटवर्क मिळाले, त्याचे गुण बदलले किंवा ते गेले, की चालू असलेल्या अ‍ॅपला स्वतंत्रपणे कळविले जाई. ‘आहे’ किंवा ‘नाही’ या दोन शब्दांच्या जागी गुणांची यादी आली, हा महत्त्वाचा वैचारिक बदल होता. आधीच्या पद्धतीने एकच सक्रिय नेटवर्क असल्याचे गृहीत धरणारे प्रश्न २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये कालबाह्य ठरविण्यात आले. त्याच वर्षी स्थिर झालेल्या ‘वर्कमॅनेजर’मध्ये अ‍ॅपने काम आणि त्याच्या अटी नोंदवून ठेवायच्या आणि अटी पूर्ण झाल्यावर कार्यप्रणालीने ते काम पार पाडायचे, अशी विभागणी झाली. पहारा देण्याचे काम प्रत्येकाने न करता एका पहारेकऱ्याकडे सोपविण्याचा हा प्रकार होता.

अ‍ॅपलनेही समांतर दिशा घेतली. २०१७ च्या आयओएस ११ मध्ये संपर्क नसल्यास मागणी अयशस्वी न ठरविता संपर्क येईपर्यंत थांबण्याची सोय दिली गेली. २०१८ च्या आयओएस १२ मध्ये मार्गावर लक्ष ठेवणारा नवा घटक आला. मात्र त्यासोबत कंपनीचा सल्ला असा होता की, आधी तपासून मग जोडणी करू नये. थेट जोडणीचा प्रयत्न करावा, आणि मिळालेली माहिती पुन्हा प्रयत्न केव्हा करावा हे ठरविण्यासाठी किंवा वापरकर्त्याला स्थिती समजावून सांगण्यासाठी वापरावी. मे २०२१ मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या ‘क्विक’ या नियमसंचाने तर जोडणीला पत्त्यापासून स्वतंत्र अशी ओळख दिली. त्यामुळे वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाताना चालू संवाद नव्याने सुरू न करताही पुढे नेता येतो. बदल ओळखण्याबरोबरच बदल पचविण्याचाही प्रयत्न सुरू झाला.

भारतीय संदर्भ : पोच न मिळालेला रुपया

भारतात या इतिहासाला आर्थिक आणि सामाजिक परिमाण लाभले. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओच्या आगमनाने मोबाइल डेटा स्वस्त झाला. भाजीच्या गाडीवर क्यूआर संकेत आला आणि दोन सेनापतींचे कोडे बाजारात उतरले. पैसे पाठविल्यानंतर नेमका उत्तराच्या वेळी संपर्क तुटला, तर रक्कम गेली की नाही हे ग्राहकालाही सांगता येत नाही आणि विक्रेत्यालाही नाही. पुन्हा पाठवावे तर दोनदा जाण्याची भीती. न पाठवावे तर विक्रेता खोळंबलेला.

२० सप्टेंबर २०१९ रोजी भारतीय रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. यूपीआयद्वारे पाठविलेली रक्कम खात्यातून वजा झाली, पण लाभार्थ्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करावी आणि त्यापुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असे त्यात बजावले आहे. गणिताने अशक्य ठरविलेली तत्काळ खात्री नियमाने आणता येत नाही. पण अनिश्चिततेला कालमर्यादा घालता येते आणि तिचा भार दुर्बल पक्षावरून सबळ पक्षाकडे वळविता येतो, हे या परिपत्रकाने दाखविले. जानेवारी २०२२ मध्ये बँकेने संपर्काविना करावयाच्या लहान रकमांच्या व्यवहारांसाठी चौकट आखली. तिच्यात आरंभी एका व्यवहाराची मर्यादा २०० रुपये होती. ती पुढे वाढविण्यात आली.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबविण्यात आलेल्या ई-पीक पाहणी उपक्रमात शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाची नोंद करावी, अशी कल्पना आहे. शेत आणि नेटवर्क यांची गाठ सर्वत्र पडत नाही. त्यामुळे शेतात भरलेली माहिती फोनमध्ये राहावी आणि नेटवर्क असलेल्या ठिकाणी आल्यावर ती पुढे पाठविता यावी, ही सोय येथे केवळ सुखसोय राहत नाही. सातबाऱ्यावरील पीकनोंद आणि तिच्यावर अवलंबून असलेले लाभ यांचा प्रश्न तिच्याशी जोडलेला असतो. सतत संपर्क गृहीत धरणारे अ‍ॅप डोंगराळ वा आदिवासी भागातील नागरिकाला एक प्रकारे व्यवस्थेबाहेर ठेवते. कोडा प्रकल्पाने सुचविलेली बेगमीची रीत येथे सामाजिक न्यायाचा भाग बनते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. नेटवर्क-बदलाची जाणीव हा मोबाइल युगाने निर्माण केलेला प्रश्न नाही. खात्री आणि ऊर्जा यांच्यातील तडजोड तारायंत्राच्या बंद व खुल्या मंडलांतही होती, आणि तीच पुढे टीसीपीच्या व अँड्रॉइडच्या धोरणांत दिसते.

२. जवळच्या दुव्याची अवस्था म्हणजे टोकापर्यंतचा संपर्क नव्हे. डायल टोनपासून वाय-फायच्या चिन्हापर्यंत ही गल्लत वारंवार झाली आणि प्रत्येक वेळी तिच्यावरचा उपाय पलीकडून पोच मागण्यातच सापडला.

३. संपर्काची पूर्ण व तत्काळ खात्री तत्त्वतः अप्राप्य आहे. म्हणून अ‍ॅपची गुणवत्ता त्याला संपर्क तुटल्याचे किती लवकर कळते यापेक्षा, तुटल्यानंतर ते वापरकर्त्याचे काम किती जपते यावर ठरवावी लागते.

४. जोडणीची साक्ष काही मोजक्या कंपन्यांच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. ही बाब सोयीची असली तरी सार्वजनिक चिकित्सेच्या कक्षेत येणे आवश्यक आहे.

५. अनिश्चितता नाहीशी करता येत नसली, तरी तिचा भार कोणी वाहावा हे ठरविता येते. तो शेतकऱ्याने, ग्राहकाने किंवा लहान विक्रेत्याने वाहावा की व्यवस्थेने, हा निर्णय अंतिमतः मानवी आहे.

महाविद्यालयीन अध्यापनात मोबाइल अ‍ॅप-विकसनाचे पाठ देताना नेटवर्क तपासण्याची कृती शिकविली जाते. त्या कृतीसोबत तिच्या मर्यादांचा हा इतिहासही विद्यार्थ्यांपुढे ठेवला गेला, तर ‘इंटरनेट नाही’ असा फलक दाखवून काम संपले, असे मानणारी पिढी घडणार नाही. निरोप हातात घेतला म्हणजे तो पोचेपर्यंत जपण्याची जबाबदारीही घेतली, हे टपालखात्यातील जासुदाला ठाऊक असलेले तत्त्व अ‍ॅप लिहिणाऱ्यालाही तितकेच लागू पडते.